वालुकाश्म घेताय? आधी त्यावर पेलाभर पाणी ओतून बघा

आपण महाराष्ट्रातली माणसे काळ्या दगडात वाढलेली. अजिंठा-वेरूळची लेणी, गडांचे बुरूज, नदीचे घाट, शेताचे बांध, जिकडे बघावे तिकडे बेसाल्ट. लाव्हा थंड होऊन झालेला हा कातळ इतका घट्ट असतो की दगड म्हटला म्हणजे तो टिकणारच, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. त्याच भरवशावर आपण राजस्थानातून आलेला गुलाबी, तांबूस, पिवळसर सँडस्टोन, म्हणजेच वालुकाश्म, अंगणात आणि दर्शनी भिंतीवर लावतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघू लागले की मग दगडच वाईट म्हणतो.

दगड वाईट नाही. सारनाथचा सिंहस्तंभ चुनारच्या वालुकाश्मात घडवलेला आहे आणि बावीसशे वर्षांनंतरही त्याची झिलई डोळ्यांत भरते. सांचीची तोरणे, खजुराहोची मंदिरे, फत्तेपूर सिक्री, दिल्लीचा लाल किल्ला, बदामीची लेणी, सगळी वालुकाश्मातली. आपल्याकडेही गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठचे मार्कंडा मंदिर याच दगडाचे. नागपुरातली उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत आणि झिरो माइलचा खांबही वालुकाश्माचाच. फरक एवढाच, की या दगडाला आपले थर आहेत आणि आपली छिद्रे आहेत. त्यांतून पाणी कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे ओळखून काम केले की तो पिढ्यान् पिढ्या साथ देतो. खालची प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीभोवती फिरते. नागपूरच्या आमच्या घरी अंगण, पायऱ्या आणि तुळशीवृंदावनाचा चौथरा या दगडात करताना जे शिकलो, तेही यात आहे.

आधी दगड कसा झाला ते समजून घ्या

हा भाग गाळून थेट खरेदीकडे जावेसे वाटेल, पण इथे पाच मिनिटे थांबा. दुकानातला प्रत्येक निर्णय यावरून सोपा होतो.

डोंगरातला जुना खडक ऊन-पावसाने झिजतो. त्याचे कण नदी, वारा किंवा समुद्राच्या लाटा वाहून नेतात. वाटेत मऊ खनिजे दळून जातात आणि क्वार्ट्‌झसारखे, म्हणजे गारगोटीचे, चिवट कण मागे राहतात. वेग कमी झाला की हे कण खाली बसतात, थरावर थर चढतो. वरच्या थरांच्या वजनाने खालची वाळू दाबली जाते आणि कणांमधल्या पोकळीतून झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार तिथे साचून कणांना चिकटवून टाकतात. झाला वालुकाश्म. भूशास्त्रात ०.०६ ते २ मिलिमीटर आकाराच्या कणांना वाळू म्हणतात. त्याहून बारीक कणांचा झाला तर पंकाश्म किंवा शेल, आणि गोट्यांचा झाला तर पिंडाश्म.

आता खरा मुद्दा त्या चिकटवणाऱ्या पदार्थाचा. वाळूचे कण जवळपास सारखेच असतात. दगडाचे आयुष्य त्यांच्यामधला 'डिंक' ठरवतो. तो सिलिकाचा, म्हणजे गारगोटीच्याच द्रव्याचा, असेल तर दगड अतिशय टणक. लोहाच्या ऑक्साइडचा असेल तर तांबडा, विटकरी किंवा पिवळा रंग येतो आणि दगड साधारण चांगला टिकतो. डिंक कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा असेल तर दगड दिसायला सुरेख, पण आम्लाला हळवा. आणि चिकणमातीचा असेल तर तो पाण्यात भिजला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि असे काही वर्षे झाले की कण सुटे होऊ लागतात. अंगणासाठी हा शेवटचा प्रकार घेऊच नका.

वयाचाही थोडा संबंध येतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातला विंध्य समूहाचा वालुकाश्म साधारण शंभर कोटी वर्षांच्या घरातला. दीर्घकाळ दाबला गेल्याने तो बराच घट्ट झालेला असतो. बन्सी पहाडपूरचा गुलाबी, धौलपूर-करौलीचा तांबडा, हे या समूहातले. अयोध्येच्या राममंदिराला बन्सी पहाडपूरचाच दगड वापरला. आमच्या विदर्भातला कामठीचा वालुकाश्म त्या मानाने तरुण, सुमारे पंचवीस कोटी वर्षांचा. गोंडवन काळातल्या नद्यांनी आणलेली ही वाळू. तिच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. तो सच्छिद्र असल्याने त्यात भूजल चांगले साठते. विहिरीसाठी ही फार मोलाची गोष्ट, अंगणातल्या लादीसाठी मात्र काळजीची. एकाच गुणाची ही दोन तोंडे.

पायरी १ : हा वालुकाश्मच आहे ना, ते तपासा

बाजारात 'नैसर्गिक दगड' या नावाखाली काहीही विकले जाते. कोटा आणि शहाबादी हे चुनखडक आहेत. जैसलमेरचा सोनेरी पिवळा दगडही चुनखडक, आणि मुंबईच्या जुन्या इमारतींतला पोरबंदरचा दगडही. विकणारा सर्रास सगळ्याला सँडस्टोन म्हणतो.

घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. नमुन्याचा तुटका कोपरा टाकाऊ काचेच्या तुकड्यावर दाबून ओढा. क्वार्ट्‌झची कठीणता मोहच्या मापावर ७ आहे, काचेची साडेपाचच्या आसपास; त्यामुळे वालुकाश्म काचेवर चरा पाडतो, चुनखडक पाडत नाही. दुसरी परीक्षा आम्लाची. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब नमुन्याच्या मागच्या बाजूला टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. जोरात फसफसले तर चुनखडक. काचेवर चरा पडतो आणि तरी थोडे फसफसते, म्हणजे कण वाळूचे पण डिंक चुन्याचा. काहीच झाले नाही तर सिलिका, लोह किंवा माती. त्यातली माती पुढच्या पायरीत उघडी पडते.

पायरी २ : पाणी पाजून बघा

दुकानात कोरड्या लादीवर पेलाभर पाणी ओता आणि एक मिनिट नुसते बघत राहा. पाणी वर थांबून पसरत गेले तर दगड घट्ट. ओतताच गडप झाले आणि काळा डाग पसरला तर तहानलेला. ओल्या दगडात आणखी एक गोष्ट दिसते: कोरडेपणी न दिसणारी केसासारखी चीर. पृष्ठभाग वाळत आला की चिरेतले पाणी मागे राहते आणि बारीक काळी रेघ उमटते. रंगही पावसाळ्यात कसा दिसेल ते तिथेच कळते.

मग लादी बोटांच्या पेरांनी वाजवा, एका कोपऱ्याने टांगती धरून. चांगली लादी खणखणते. भद्द आवाज आला तर आत चीर किंवा सुटलेला थर आहे.

नमुने घरी न्या आणि नीट मोजा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि वजन करा. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून ओल्या फडक्याने टिपा, पुन्हा वजन करा. वाढलेले वजन भागिले कोरडे वजन, गुणिले शंभर. मी आणलेल्या दोन नमुन्यांपैकी तांबडा १,२९० ग्रॅमचा १,३२२ झाला, म्हणजे अडीच टक्के. मनात भरलेला फिकट पिवळा १,२४० चा १,३१४ झाला, जवळजवळ सहा टक्के. बादलीच्या तळाशी त्याने चमचाभर गाळही सोडला होता. बोटांनी चोळला तर मातीसारखा गुळगुळीत. तो दगड सोडताना वाईट वाटले, पण सोडला.

अमेरिकेच्या एएसटीएम सी ६१६ मानकात बांधकामाच्या साध्या वालुकाश्माला ८ टक्के, क्वार्ट्‌झयुक्त वालुकाश्माला ३ टक्के आणि क्वार्ट्‌झाइटला १ टक्का अशी पाणी शोषण्याची कमाल मर्यादा आहे. माझा स्वतःचा हिशोब असा: उघड्या अंगणाला आणि पायऱ्यांना तीन टक्क्यांच्या आत, छताखालच्या भिंतीला पाचापर्यंत चालेल. त्यापुढचा दगड घरात शोभेला ठेवा.

पायरी ३ : जाडी ठरवा आणि माल एकदम घ्या

माणसांच्या वर्दळीला २५ ते ३० मिलिमीटर पुरते. गाडी उभी राहणार असेल तर ४० ते ५० मिलिमीटर घ्या आणि खालचा काँक्रीटचा थरही वाढवा. लागणाऱ्या मापापेक्षा दहा टक्के माल जास्त मागवा. खाणीतला थर बदलला की छटा बदलते, आणि सहा महिन्यांनी तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो. बसवताना एकाच ढिगातून लाद्या न उचलता तीन-चार ढिगांतून मिसळून घ्या. नाहीतर अंगणात रंगाचे पट्टे उठून दिसतात.

खाणीतून नुकताच निघालेला वालुकाश्म आतल्या ओलीमुळे थोडा नरम असतो. वाळताना आतले क्षार पृष्ठभागाकडे येऊन त्याची बाहेरची साल कडक होते. म्हणून जाळी किंवा नक्षी करून घ्यायची असेल तर पाथरवट ताजा दगड पसंत करतात. कडक झालेली ही साल नंतर ग्राइंडरने घासून काढू नका.

पायरी ४ : धूळ

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. वालुकाश्म कोरडा कापला की क्वार्ट्‌झची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर बरे करणारे औषध नाही. राजस्थानात खाणकामगार आणि दगड घडवणारे यांचे इतके हाल झाले की तिथल्या सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी खास धोरण आणावे लागले. आपल्या अंगणात चार दिवस काम करून जाणारा माणूस वर्षाचे बाराही महिने हेच काम करत असतो.

म्हणून ठरवतानाच स्पष्ट सांगा: कापकाम पाणी सोडूनच होईल. कटरला पाण्याची नळी जोडा, वीज ईएलसीबीमधून (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या, आणि एन ९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचे मास्क स्वतः आणून द्या. तोंडाला गुंडाळलेला गमछा ही धूळ अडवत नाही. लहान मुलांना त्या दिवसांत तिकडे फिरकू देऊ नका. पडलेला चुरा झाडूने उडवण्याऐवजी ओला करून उचला. यात जास्तीचा जो अर्धा दिवस जातो, त्याची मजुरी आनंदाने द्या.

पायरी ५ : जमीन तयार करा

विदर्भ-मराठवाड्यात काळी माती असेल तर सावध. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे अंगण तिच्यासोबत हलते. काळा थर शक्य तितका काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारत थराथराने धुम्मसाने ठोका. त्यावर साधारण १०० मिलिमीटरचे साधे काँक्रीट.

ढाळ याच टप्प्यावर द्यायचा, वरच्या लादीत द्यायचा नसतो. दर ८० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर, घरापासून बाहेरच्या दिशेने. दगडाचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर ६० ला एक ठेवा. काँक्रीट झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. कुठे डबके राहत असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. लादीखाली लपलेले डबके लादीला कायम ओली ठेवते.

पायरी ६ : बसवा

एक भाग सिमेंट आणि चार-पाच भाग स्वच्छ वाळू. समुद्राची किंवा खारी वाळू अजिबात नको. तिच्यातले क्षार दगडातून वर येतात आणि पांढरा लोणा फुटतो. लादीची पाठ ब्रशने धुऊन ओलसर करा, त्यावर सिमेंटची पातळ पेस्ट लावा आणि ३० ते ४० मिलिमीटरच्या मसाल्याच्या सलग गादीवर टेकवा. 'सलग' या शब्दावर गवंड्याशी वाद घालावा लागला तरी घाला. पुष्कळजण चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे टाकून लादी दाबतात. काम झटपट होते, पण खालच्या पोकळीत पाणी साचते, वर गोळ्यांच्या जागी ओले डाग दिसतात आणि एखाद्या दिवशी जड कुंडी ठेवताच लादी मधोमध तडकते.

सांधे ८ ते १० मिलिमीटरचे ठेवा. ही नैसर्गिक फाट असलेली लादी आहे, संगमरवरासारखी सांध्याला सांधा भिडवून बसत नाही. दर चार-पाच मीटरवर आणि भिंतीलगत प्रसरणासाठी मोकळा सांधा सोडा. नागपूरच्या मे महिन्यात दगड हाताला चटका देण्याइतका तापतो, आणि त्यावर वळवाची सर आली की एकाएकी निवतो. ती हालचाल कुठेतरी सामावली पाहिजे. सांधे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरा, आणि सांडलेले सिमेंट ओले असतानाच स्पंजने टिपून घ्या.

इथे आमची चूक सांगतो. सिमेंटचे शिंतोडे वाळले होते, आणि काम उरकण्याच्या घाईत ठेकेदाराच्या माणसांनी ते बाथरूम धुण्याच्या ॲसिडने काढले. त्या संध्याकाळी अंगण लख्ख दिसले. पंधरा दिवसांत लाद्यांवर तपकिरी-पिवळे ओघळ उठले. ॲसिडाने दगडातले लोह विरघळवून वर आणले होते आणि ते हवेत गंजले. ते डाग आजही तुळशीच्या उजव्या बाजूला आहेत. वालुकाश्माला ॲसिड लावायचे नाही, पातळ करूनही नाही.

भिंत बांधताना दगडाची मूळ बाजू

दगड खाणीत जसा आडवा पडलेला होता तसाच भिंतीत आडवा बसवायचा, म्हणजे थर जमिनीला समांतर आणि वरचे वजन थरांवर काटकोनात. जुने पाथरवट हे बोटाने चाचपून ओळखत. थर उभे करून त्यांची सपाट बाजू बाहेर ठेवली, तर पाणी थरांमध्ये उतरते आणि वहीची पाने सुटावीत तसे पापुद्रे निघतात. बाहेर झुकणाऱ्या कांगोऱ्यांचा नियम मात्र वेगळा. तिथे थर उभे, पण भिंतीच्या पृष्ठभागाशी काटकोनात ठेवतात, म्हणजे खालचा थर गळून पडत नाही. कमानीत थर दाबाच्या दिशेला काटकोनात येतील असे बसवतात.

थर ओळखायचा कसा? दगड ओला करून बाजूने बघा. रंगाच्या बारीक रेघा दिसतात. कधीकधी त्या तिरक्या असतात. तो दोष नव्हे. वाहत्या पाण्याने किंवा वाऱ्याने वाळूचे ढीग पुढे ढकलत नेल्याची ती खूण आहे. आमच्या एका पायरीच्या दर्शनी कडेला अशा तिरक्या रेघा आहेत आणि शेजारच्या लादीवर नदीकाठी दिसतात तशा लाटांच्या वळ्या. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या एका उथळ पाण्याचा तळ पायाखाली आहे, हे सकाळी रांगोळी काढताना आठवले की हात क्षणभर थांबतो.

भिंतीला चिकटवायच्या पातळ पाट्या थरांवरच फाडलेल्या असतात, त्यामुळे तिथे हा नियम पाळताच येत नाही. म्हणून भिंतीच्या पाटीसाठी दगड आणखी काटेकोरपणे निवडा आणि डोक्यावरच्या उंचीला नुसत्या चिकटवणीवर विसंबू नका. स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प घ्या. साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड फोडते. जोत्याच्या वर ओल चढू नये म्हणून डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, हवाच. ओल भिंतीत चढली की क्षारही चढतात आणि पृष्ठभागाच्या आत स्फटिक होऊन दगडाचे पीठ पाडतात.

जुना वाडा किंवा मंदिराची भिंत असेल तर सांधे सिमेंटने भरू नका. चुन्याच्या सांध्यातून भिंत श्वास घेते. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी दगडातून बाहेर पडू लागते आणि दगड झिजतो. चुन्याचे काम येणारा कारागीर मिळेपर्यंत थांबा.

सीलर लावायचा की नाही

सीलर म्हणजे दगडात पाणी शिरू नये म्हणून लावायचे द्रव्य. छिद्रात मुरणारा, वाफेला वाट देणारा सिलेन-सिलोक्सेन जातीचा सीलर लावा. वर चकचकीत पापुद्रा तयार करणारे लेप टाळा. आत अडकलेली ओल त्यांना फुगवते आणि पृष्ठभाग पांढुरका होतो. काम संपल्यावर किमान महिनाभर थांबा आणि दगड पूर्ण कोरडा असताना लावा. आमच्याकडे त्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. एका कोपऱ्यात आधी करून बघा, काही सीलर रंग गडद करतात.

रोजची निगा

बांबूचा झाडू, साधे पाणी, फार तर साबणाचे पाणी. जोरदार फवाऱ्याचे यंत्र जवळून मारले तर सांधे आणि कण दोन्ही उडतात. शेवाळ आले तर कडक नायलॉनच्या ब्रशने घासा आणि तिथे ऊन का पोचत नाही आणि पाणी का ओसरत नाही ते शोधा. लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाणी ओतले की तो विरघळून परत आत जातो.

दिव्याचे तेल सांडले तर लगेच टिपा, मग मुलतानी माती साबणाच्या पाण्यात कालवून त्यावर जाडसर थापा, वर प्लॅस्टिक झाका, दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून वाळू द्या आणि खरवडा. दोन-तीन वेळा करावे लागते. हळदीच्या डागाला काहीच करू नका. घरातल्या लग्नाच्या हळदीनंतर अंगण पिवळेजर्द झाले होते. उन्हाने दोन आठवड्यांत रंग उडवून नेला. लोखंडी कुंडीस्टँडखाली मात्र रबराचे बूच लावा, गंजाचा डाग ऊन नेत नाही.

उरलेल्या लाद्या माळ्यावर जपून ठेवू नका. गच्चीवर किंवा परसात उघड्यावर, ऊन-पावसात, एकमेकींपासून सुट्या उभ्या करून ठेवा. चार वर्षांनी एखादी लादी बदलायची वेळ येईल, तेव्हा माळ्यावरची लादी नवीकोरी, वेगळ्याच रंगाची निघते. परसातली अंगणासारखीच मुरलेली असते.